आठाचा फॅक्टोरियल आणि अप्पांची पट्टी

उन्हाळी परीक्षा जवळ आल्या की लातूर-धाराशिवकडच्या एखाद्या तालुक्याच्या कॉलेजातून फोन येतो, ‘सर, प्रॅक्टिकलला एक्स्टर्नल म्हणून येता का?’ एक्स्टर्नल म्हणजे बाहेरून येणारा परीक्षक. मी जातो. मानधन पेट्रोलपाण्यातच जातं, पण पोरं भेटतात आणि आपल्या धंद्यात पुढं कोण येणार आहे ते दिसतं. गेल्या खेपेला बीसीएच्या एका पोराला फॅक्टोरियलचा प्रोग्राम आला होता. फॅक्टोरियल म्हणजे एकापासून त्या आकड्यापर्यंतच्या सगळ्या आकड्यांचा गुणाकार. खाकी कव्हर घातलेलं जर्नल, मोत्यासारखं अक्षर, प्रोग्राम तोंडपाठ. निळ्या पडद्यावर त्यानं तो न अडखळता टाइप केला, पाच आकडा दिला, उत्तर आलं एकशे वीस. मी म्हटलं, ‘आता आठाचा काढ.’

पडद्यावर आलं: उणे २५,२१६.

पोरगं घामाघूम. ‘सर, कायतरी चुकलालंय,’ म्हणत त्यानं लूप तपासलं, कंस मोजले, पुन्हा चालवलं. पुन्हा तेच. चूक त्याची नव्हतीच. आठाचा फॅक्टोरियल ४०,३२०. तो ज्या टर्बो सी प्लस प्लस नावाच्या जुन्या साधनात लिहीत होता तिथं ‘इंट’ला, म्हणजे पूर्णांक ठेवायच्या जागेला, दोनच बाइट मिळतात, त्यात ३२,७६७ च्या पुढचा आकडा मावत नाही. मावला नाही की तो फिरून ऋण बाजूनं वर येतो. ४०,३२० मधून ६५,५३६ वजा करून पाहा. कंपायलर म्हणजे लिहिलेला प्रोग्राम मशीनला कळेल असा करून देणारं साधन; आजच्या नेहमीच्या फुकट कंपायलरवर इंटला चार बाइट असतात आणि हेच लूप बाराच्या फॅक्टोरियलपर्यंत बिनबोभाट चालतं. मग माझ्या ध्यानात आलं की मी आजवर तपासलेल्या बहुतेक जर्नलांत फॅक्टोरियल पाचाचाच असतो. आठाच्या वाटेला कुणी जात नाही. का जायचं नाही हे कुणालाच ठाऊक नाही, पण वाट मोडली आहे एवढं वर्षानुवर्षं पुढच्या बॅचला कळत आलंय.

त्याला धीर यावा म्हणून मी बाजाराचा हिशेब दिला. दहा क्विंटल सोयाबीन, २०२४-२५ चा हमीभाव ४,८९२ रुपये, कर गुणाकार. आलं उणे १६,६१६. म्हणजे माल घालून वर शेतकऱ्यानंच साडेसोळा हजार मोजायचे. पोरगं पहिल्यांदा हसलं. ‘सर, बाजारात तसंबी तेच व्हायलंय.’

जुनी प्रोग्रामिंगची भाषा सोडून नवी कधी धरायची, हा प्रश्न पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांचा आहे असं आपण समजतो. मराठवाड्यात तो दोन ठिकाणी रोज समोर असतो. एक कॉलेजची लॅब. दुसरं ठिकाण म्हणजे आडत दुकान, पतसंस्था, जिनिंग, दूध संघ, यांच्या कोपऱ्यातला धूळ खात चालणारा कॉम्प्युटर. आणि माझं म्हणणं असं की या दोन्ही ठिकाणी आपण नेमकं उलटं वागतो. लॅबमध्ये जुनं साधन एका उन्हाळी सुट्टीत बदललं तर कुणाचा रुपया बुडणार नाही, तर तिथं आपण तीस वर्षं जागचे हललो नाही. दुकानात, पतसंस्थेत लोकांचे पैसे आणि कैक वर्षांचे शिरस्ते त्या जुन्या प्रोग्राममध्ये मुरलेले असतात, तर तिथं आपण एका रविवारच्या रात्रीत सगळं उचकटून नवं बसवतो.

दुकानाचं आधी सांगतो, माझी हयात त्यात गेली.

१९९५-९६ च्या सुमारास मी लातूरच्या मार्केट यार्डात आडतीचे प्रोग्राम लिहायला लागलो, फॉक्सप्रोमध्ये. फॉक्सप्रो ही नोंदी साठवून हिशेब करायची, डीबेसच्या घराण्यातली भाषा. अमेरिकेतल्या फॉक्स सॉफ्टवेअर या कंपनीनं ती वाढवली आणि १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ती कंपनीच विकत घेतली. डॉसवर, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सिस्टिमवर, चालणारी २.६ ही आवृत्ती आमच्या पिढीनं पोटाशी धरली. एक माणूस, एक मशीन, एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, एवढ्यावर पट्टी (शेतकऱ्याला द्यायचा मालविक्रीचा हिशेब), खतावणी (खात्यांची वही), उचल, बारदाना, सगळं व्हायचं. तिची एक खोड मुनीमजींना फार आवडायची. नोंद डिलीट केली तरी ती जागेवरच राहायची, तिच्यावर नुसती खूण व्हायची. ‘पॅक’ म्हटल्याशिवाय ती खरोखर जायची नाही. खोडलेलं दिसलं पाहिजे, हा कीर्द लिहिणाऱ्याचा धर्मच आहे. आम्ही पोरं त्यांना कॉम्प्युटर शिकवायला गेलो होतो आणि त्यांनी पहिल्याच आठवड्यात ताकीद दिली, पॅक फक्त पाडव्याला, माझ्यासमोर.

भाषेचं पुढं काय झालं ते थोडक्यात. विंडोजवरची शेवटची आवृत्ती, नववी, २००४ मध्ये आली. २००७ च्या मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलं की दहावी येणार नाही. २०१५ च्या जानेवारीत उरलासुरला आधारही संपला. आता नव्या मशीनवर विंडोज अकरा येतं आणि ते फक्त चौसष्ट बिटांचं. डॉसकाळातले सोळा बिटांचे प्रोग्राम त्याच्यावर सरळ चालतच नाहीत, डॉसबॉक्स नावाच्या प्रोग्रामच्या पोटात घालून चालवावे लागतात. हा डॉसबॉक्स मुळात जुने गेम खेळता यावेत म्हणून लोकांनी केलेला. त्याच्यात आज आमची तूर-सोयाबीनची पट्टी निघते, आणि शेजारच्या कॉलेजात पोरं परीक्षा देतात.

मी सुरुवातीला ज्या दुकानांना प्रोग्राम दिले त्यातल्या एका दुकानात तो अजून चालतो. मालक अप्पा आता सत्तरीला आले. त्यांचा धाकटा पुण्याहून परत आला आणि म्हणाला, काका, हे बदला, मला मोबाइलवर खतावणी दिसली पाहिजे. त्याचं बरोबरच होतं. मी पायथन ही आज चालणारी भाषा घेतली आणि माझाच जुना प्रोग्राम उघडला. आपणच तिशीत लिहिलेलं साठीत वाचणं म्हणजे जुनी प्रेमपत्रं वाचण्यासारखं. निम्मं कळत नाही, निम्म्याची लाज वाटते.

त्यात एक ओळ सापडली. खाते क्रमांक ३०० ते ३४० यांच्यामध्ये असेल तर शेतकऱ्याच्या पट्टीतून तोलाई कापायची नाही. शेजारी शेरा नाही, काही नाही. मी लिहिलेली ओळ, मलाच अर्थ लागेना. एखादा नवा इंजिनिअर असता तर चूक समजून काढून टाकली असती. मी अप्पांना विचारलं. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘ती किल्लारीकडची गावं. भूकंप झाल्यावर आमच्या वडलांनी ठरवलं, त्यांची तोलाई दुकानानं भरायची. वडील गेले. आपण चालूच ठेवलंय की.’ ३० सप्टेंबर १९९३ चा तो भूकंप. दुकानाच्या कुठल्याही वहीत हे लिहिलेलं नव्हतं. वडिलांचा शब्द त्या एका ओळीत होता आणि ती ओळ अशा भाषेत होती जी आता गावात कुणाला येत नाही.

मला प्रोग्रामच्या भाषांतराविषयी जे म्हणायचंय त्यातलं निम्मं इथंच आलं. जुना प्रोग्राम हा नुसता हिशेबाचा सांगाडा नसतो, त्यात त्या घराचा व्यवहार साठलेला असतो. कुणाला किती दिवसांची सवलत, कट्टा किती किलोच्या आत असला तर हमाली निम्मी, दसऱ्याला कुणाचं व्याज माफ. लोक विचारतात, नवीन सॉफ्टवेअर कितीला पडेल? खरा खर्च लिहिण्याचा नसतोच. जुन्यात काय काय आहे ते उकरून काढून, माणसांना विचारून, साध्या मराठीत कागदावर उतरवण्याचा असतो. त्या कागदाचे पैसे मात्र कुणीच द्यायला तयार नसतं. ‘सर, लिहायचं काय त्यात, सगळं आहे ना कॉम्प्युटरमध्ये!’

आता कुणी म्हणेल, एवढा त्रास कशाला, एआयला द्या, रात्रीत फॉक्सप्रोचं पायथन करून देतो. देतो खरा. मीही देऊन पाहिलं आणि ओळीला ओळ इतकी नीट आली की थोडा हेवा वाटला. फॉक्सप्रोत जिथं ‘राउंड’ होतं तिथं पायथनचं ‘राउंड’ आलं. दोन्ही प्रोग्राम शेजारी शेजारी चालवले, रोज संध्याकाळी बेरजा ताडून पाहिल्या. तिसऱ्या दिवशी हमालीत एक रुपया कमी. पाचव्या दिवशी पुन्हा. सहाव्या दिवशी बरोबर. मी दोन रात्री डोकं खाजवलं आणि शेवटी मुनीमजींनीच, ते आता नुसते बसायला येतात, बोट ठेवलं: ‘अडीच रुपयाचे आधीचा तीन करत होता, हा दोन करतोय.’

बरोबर होतं. फॉक्सप्रो अर्ध्याला वर ढकलते, अडीचचे तीन. पायथन दोन या जुन्या आवृत्तीतसुद्धा तीनच व्हायचे. पायथन तीनमध्ये नियम बदलला: बरोब्बर अर्ध्यावर असेल तर जवळच्या सम आकड्याकडं जायचं. म्हणून अडीचचे दोन, पण साडेतीनचे चार. मोठ्या बेरजांत चूक एकाच बाजूला साचू नये, हा त्यामागचा विचार चांगलाच आहे, पण तो हमालाला कोण सांगणार? शब्द तोच, ‘राउंड’. अर्थ भाषेगणिक वेगळा. मराठीतला ‘शिक्षा’ आणि हिंदीतला ‘शिक्षा’ यांच्यासारखं. पैशांसाठी पायथनमधलं ‘डेसिमल’ वापरून अर्ध्याचा नियम आपण ठरवायचा असतो, हे मला माहीत होतं. पण रोजच्या बेरजा ताडल्या नसत्या तर माहीत असून उपयोग नव्हता.

आता उलट बाजू. आमच्याच भागातल्या एका पतसंस्थेनं, नाव घेत नाही, असंच जुनं सोडून नवं घेतलं. शनिवारी सायंकाळी जुनं बंद, सोमवारी सकाळी फीत कापून नवं सुरू. शिलका बरोबर आल्या होत्या. पण सभासदांची नावं जुन्या मराठी फॉन्टच्या पद्धतीनं साठवलेली होती, म्हणजे आत रोमन लिपीतली अक्षरं आणि चिन्हं, वर देवनागरीचा मुखवटा. नव्या सिस्टिमला तो फॉन्ट माहीत नव्हता. पासबुकावर ‘जाधव’च्या जागी कंस, टक्के आणि उद्गारचिन्हं. ते पुढं कन्व्हर्टर लावून कसंबसं निस्तरलं. व्याजाचं जास्त जड गेलं. पूर्वी बँकांत बचत खात्याचं व्याज महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंत जी कमीत कमी शिल्लक असेल तिच्यावर मिळायचं, १ एप्रिल २०१० पासून ते रोजच्या शिलकेवर मिळू लागलं. या संस्थेच्या जुन्या प्रोग्राममध्ये काही ठेवींसाठी जुनी रीत चालू होती, नव्यात सगळ्यांना एकच. मागचा तपशील नव्यात आणलेलाच नव्हता, जुना सर्व्हर फॉर्मॅट करून कुणाच्या तरी टेबलावर गेला होता. आपलं बरोबर की यांचं, हे सभासदाला दाखवून द्यायला संस्थेजवळ काही उरलं नव्हतं. मी ज्या आजींचं खातं पाहिलं त्यांचा फरक चारशेच्या आसपास होता. त्या भांडल्या नाहीत. पैसे काढून घेतले आणि गेल्या.

अशी फजिती मोठमोठ्यांची होते. इंग्लंडातल्या टीएसबी बँकेनं २०१८ च्या एप्रिलमध्ये एका शनिवार-रविवारी सगळी खाती नव्या सिस्टिमवर नेली आणि सुमारे १९ लाख ग्राहक आपल्याच खात्याबाहेर अडकले. २०२२ मध्ये तिथल्या नियामकांनी ४.८६५ कोटी पौंडांचा दंड लावला. त्यांच्याकडं दंड लावणारा होता.

आमच्या आजोबांच्या पिढीनं याहून अवघड बदली केली होती. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य गेलं, पण निजामाचा रुपया दुसऱ्या दिवशी गेला नाही. १९५० मध्ये भारतीय रुपया आला तो हाली सिक्क्याच्या शेजारी येऊन बसला. सात हाली म्हणजे सहा कलदार (भारतीय रुपये), असा भाव बांधून दिला होता. १९५१ मध्ये नवे हाली काढणं थांबलं आणि चलनातून ते कायमचे गेले १९५९ मध्ये. नऊ वर्षं. माझी आजी अखेरपर्यंत जुन्या व्यवहाराची गोष्ट सांगताना विचारायची, हालीचे की कलदार? कुणी अडाणी म्हातारा एका सकाळी उठून कफल्लक झाला नाही, कारण दोन्ही नाणी बराच काळ एका बटव्यात राहिली आणि त्यांचं एकमेकांशी नातं किती, हे आठवड्याच्या बाजारातल्या बाईलाही ठाऊक होतं. दोन सिस्टिम शेजारी चालवून रोज ताडून पाहायच्या, याला आमच्या धंद्यात ‘पॅरलल रन’ म्हणतात आणि खर्च वाचवायचा म्हणून पहिल्यांदा हाच भाग कापतात.

आणि जे कागद आपण वाचते ठेवले नाहीत त्यांचंही आपल्याकडं ताजं उदाहरण आहे. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या कचेऱ्यांतून निजामकाळची दप्तरं बाहेर निघाली. मोडी वाचणारे, उर्दू-फारसी वाचणारे लोक शोधत फिरावं लागलं. कागद शाबूत होता, पण अक्षर लागणारा माणूस सापडेना. त्या वेळी टीव्ही बघता बघता मला माझ्या कपाटातल्या फ्लॉपी आठवल्या.

म्हणून जिथं व्यवहार चालतो तिथं भाषा बदलायची ती तुकड्यातुकड्यानं. आधी फक्त खतावणी मोबाइलवर दिसू द्या, पट्टी जुन्यातच निघू द्या. मग पट्टी. मग व्याज. दुसऱ्या झाडाच्या अंगावर रुजून हळूहळू त्याला वेढणारा वड असतो, त्याच्यावरून या रीतीला प्रोग्रामरांच्या जगात नावही पडलेलं आहे; आपल्याकडं गढीच्या भिंतीत रुजलेला पिंपळ पाहिला की कल्पना येते. लिनक्स या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा सी भाषेत आहे आणि सी १९७२ सालची. २०२२ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या ६.१ या आवृत्तीपासून त्यात रस्ट या नव्या भाषेला जागा मिळाली, पण कुणी उठून सगळा गाभा रस्टमध्ये लिहायला घेतला नाही. नवीन ड्रायव्हर हवे तर रस्टमध्ये लिहा म्हणाले, जुनं चालतंय ते चालू द्या. जगातले सगळ्यात हुशार प्रोग्रामर जिथं काम करतात तिथं ही सबुरी आहे आणि आमच्या पतसंस्थेला शनिवार ते सोमवार पुरतो.

आता कॉलेज. इथं मी सगळी सबुरी गुंडाळून ठेवतो.

लॅबमधल्या टर्बो सी प्लस प्लसमध्ये कुणाचा शब्द साठलेला नाही, कुणाची ठेव अडकलेली नाही. बोर्लंड कंपनीनं नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला काढलेलं ते एक साधन, त्या काळी झकास. सी प्लस प्लसचं पहिलं अधिकृत प्रमाण ठरलं १९९८ मध्ये, म्हणजे हे साधन प्रमाणाच्याही आधीचं. म्हणून त्यात जे पाठ होतं त्यातलं बरंचसं पुढं विसरावं लागतं. ‘व्हॉइड मेन’, ‘कोनियो’ची हेडर फाइल, शेवटी ‘गेटच’, सुरुवातीला पडदा पुसायची आज्ञा. आमची पोरं हिंजवडीला पहिल्या मुलाखतीत हे लिहितात आणि समोरचा माणूस गालात हसतो. त्याला वाटतं पोरगं कच्चं आहे. पोरगं कच्चं नसतं, त्याला दिलेला नकाशा तीस वर्षांपूर्वीचा असतो.

‘टर्बोनं बेसिक पक्कं होतं’ हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता उत्तर तयार आहे: मग आठाचा फॅक्टोरियल काढून दाखवा. बेसिक सी भाषेनं पक्कं होतं, यात वाद नाही. सी जरूर शिकवा, पण आजच्या कंपायलरवर. जीसीसी फुकट आहे, लिनक्सवर जुन्यात जुन्या मशीनवर चालतो, डॉसबॉक्सचा द्राविडी प्राणायाम लागत नाही. मशीन जुनी आहेत ही सबब तर उलटीच पडते. आणि वयाचाही प्रश्न नाही. पायथनची पहिली आवृत्ती १९९१ ची, म्हणजे ती आणि हा निळा पडदा साधारण एकाच वयाचे. एकीची देखभाल होत राहिली, दुसऱ्याची केव्हाच थांबली. बोर्लंडमध्ये ज्यांनी टर्बो पास्कलचा कंपायलर लिहिला ते अँडर्स हेल्सबर्ग पुढं डेल्फीकडं गेले, मायक्रोसॉफ्टमध्ये जाऊन सी शार्प केली, मग टाइपस्क्रिप्ट, आणि २०२५ मध्ये त्या टाइपस्क्रिप्टचाच कंपायलर गो भाषेत नेत असल्याचं त्यांनी जाहीर केलं. ‘टर्बो’ हे नाव ज्यांच्या कामानं गाजलं ते चार भाषा ओलांडून गेले आणि आम्ही त्यांच्या जुन्या घराला पहारा देत बसलो.

पायथन दोनवरून तीनवर जाताना सगळ्या जगानं बारा वर्षं कुरकुर केली. २००८ च्या डिसेंबरात तीन आली, दोनचा आधार आधी २०१५ ला संपणार होता, तो लांबवत १ जानेवारी २०२० वर नेला. पण त्या बदलात आपल्यासाठी काय होतं ते पोरांना कुणी दाखवत नाही. पायथन दोनला साधेपणानं ‘लातूर’ची लांबी विचारली तर ती सांगायची पंधरा, कारण ती बाइट मोजायची आणि युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. पायथन तीन सांगते पाच: ल, काना, त, ऊकार, र. आणि दुसरीतली पोरगी सांगते तीन. पंधरा, पाच, तीन. यावर एक अख्खा तास घेता येतो, मराठीचा आणि कॉम्प्युटरचा मिळून. निळ्या पडद्यावर ‘लातूर’ मराठीत टाइपच होत नाही, मग प्रश्न येणार कुठून?

खरी अडचण मला दिसते ती सरांची. बहुतेक ठिकाणी शिकवणारे तासिका तत्त्वावरचे. तासाला पैसे, तेही सहा-सहा महिने उशिरा, पुढच्या वर्षी नेमणूक मिळेल याची खात्री नाही. त्या माणसाला म्हणायचं, उन्हाळ्यात बिनपगारी बसून नव्या नोट्स काढ? तो जुनंच शिकवणार, मीही तेच केलं असतं. त्यात आमच्याकडं प्रॅक्टिकलचं एक गणित बसलेलं आहे. ठरलेले प्रोग्राम, ठरलेली आउटपुटं, जर्नल, सही. लातूर पॅटर्ननं आम्हाला ठरलेल्या प्रश्नाचं ठरलेलं उत्तर न चुकता द्यायला शिकवलं, बोर्डात नंबर आणले, घरोघरी डॉक्टर-इंजिनिअर केले. त्याबद्दल मी वाकडं बोलणार नाही, मीही त्याच मांडवाखालून गेलोय. पण प्रोग्रामिंगमध्ये प्रश्नच दर वर्षी बदलतो. सीबीएसईनं अकरावी-बारावीच्या कॉम्प्युटर सायन्समधून सी प्लस प्लस काढून पायथन आणली, आभाळ कोसळलं नाही.

पुण्यातल्या पोराचं कॉलेजनं जुनं शिकवलं तरी फार अडत नाही. त्याला क्लास आहे, थोरला भाऊ कंपनीत आहे, हॉस्टेलला कुणीतरी सांगतंच. औशा-निलंग्याच्या पोराला कॉलेज हीच एक खिडकी. १९८३ मध्ये नेमलेल्या दांडेकर समितीपासून आपण अनुशेष मोजत आलो, सिंचनाचा, रस्त्यांचा, दवाखान्यांचा. पैसा मुंबईहून येईल तेव्हा तो भरेल. हा अनुशेष मात्र आपणच घातलेला आहे आणि तो भरायला मुंबईचा एक रुपयाही लागत नाही. विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांनी प्रॅक्टिकलच्या यादीखाली एवढंच लिहावं की प्रोग्राम आजच्या प्रमाणानुसार चालणाऱ्या कंपायलरवरच तपासला जाईल. आणि नव्या नोट्स लिहिणाऱ्या तासिकेवरच्या सरांना त्या उन्हाळ्याचे पैसे द्यावेत. एवढं दुसरं वाक्य लिहिलं नाही तर पहिलंही लिहू नये, कारण मग सगळा बोजा त्यांच्याच डोक्यावर येईल.

अप्पांच्या दुकानात अजून दोन्ही प्रोग्राम चालू आहेत. पट्टी जुन्यातून निघते, खतावणी धाकट्याच्या मोबाइलवर नव्यातून दिसते. पाडव्याला जुना बंद करायचा असं ठरलंय, पण अप्पा म्हणतात पुढच्या पाडव्याचं बघू. मी घाई करत नाही. ३०० ते ३४० ची ओळ पायथनमध्ये गेली आहे, या खेपेला वर तीन ओळींचा मराठी शेरा लिहून.

कॉलेजचं मात्र अभ्यास मंडळाची वाट पाहत बसणं मला जमणार नाही. तोंडी परीक्षेत काय विचारायचं ते एक्स्टर्नलच्या हातात असतं. यंदा फोन आला की जाणार आहे, आणि पहिल्या पोरापासून शेवटच्यापर्यंत सगळ्यांना आठाचाच फॅक्टोरियल विचारणार आहे. ही बातमी दुपारपर्यंत पुढच्या बॅचला आणि आठवड्याभरात पुढच्या तालुक्याला पोचते, असा माझा अनुभव आहे.